तात्याला कृष्णेत सोडायचं आहे

या महिन्याच्या टपालातून कासवांची चार पत्रं निघाली. पावसाळा उतरणीला लागला आणि सणवार सुरू झाले की ही पत्रं येतातच. घर आवरताना माळ्यावरच्या भांड्यांबरोबर गच्चीवरचं कासवही लोकांच्या डोळ्यांत येतं. सांगलीच्या पत्राचं उत्तर फार लांबलं. उरलेल्या तिघांनी रागावू नये, त्यातलं बरंचसं तुम्हालाही लागू आहे.

प्रश्न : डॉक्टरबाई, नमस्कार. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला महापूर आला तेव्हा आमच्या गावभागातल्या घरात छातीएवढं पाणी होतं. पाणी उतरल्यावर गाळ काढताना न्हाणीच्या कोपऱ्यात कासवाचं पिल्लू सापडलं, डबीच्या झाकणाएवढं. नातवाने हट्ट धरला म्हणून ठेवून घेतलं. नाव तात्या. निळा ड्रम आडवा कापून गच्चीवर ठेवलाय, त्यात राहतो. पोळी, भात आणि माशांचे ते रंगीत दाणे खातो. हाक मारली की मान वर काढून काठाला येतो. फूटपट्टीने मोजला, १७ सेंटीमीटर भरला. आता नातू पुण्याला शिकायला गेला आणि मला जिना झेपत नाही. दसऱ्याला सगळे जमणार आहेत, तेव्हा सोनं लुटून झालं की घाटावर नेऊन कृष्णेत सोडायचं ठरवलंय. हिचं म्हणणं, बाहेर त्याला खायला कोण घालणार? फोटो जोडतोय. सकाळी सोडावं की संध्याकाळी?
– निवृत्त मुख्याध्यापक, सांगली

उत्तर : सर, दसऱ्याला पाहुणे जरूर बोलवा, आपट्याची पानं वाटा, श्रीखंड-पुरी होऊ द्या. तात्याला मात्र त्या दिवशी गच्चीवरच असू द्या. सकाळ की संध्याकाळ हा फार पुढचा प्रश्न आहे. त्याआधी बरंच काही व्हायला हवं, आणि त्यातलं पहिलं काम तुम्ही फोटो पाठवून निम्मं केलंच आहे.

दुसऱ्या फोटोत नातवाने कासव उलटं धरलंय. (पुन्हा धरू नये. त्याला ते अजिबात आवडत नाही, आणि मान लांब करून चावलं तर बोटाला टाके पडतील.) पोटाच्या कवचाला मागच्या पायांपाशी दोन झडपा दिसतात बघा. पाय आत ओढले की त्या वाड्याच्या दिंडीसारख्या मिटतात. आपल्या भागातल्या ओढ्या-तळ्यांत अशा झडपांचं कासव एकच, त्याला फ्लॅपशेल म्हणतात. पाठीवर पिवळे ठिपके नाहीत, म्हणजे दक्षिणेकडचंच. उत्तर हिंदुस्थानातल्या फ्लॅपशेलच्या पाठीवर ठिपक्यांची रांगोळी असते आणि तसलं कासव सांगलीत निघालं तर ते कुणीतरी पिशवीतून आणलेलं असतं. तुमची पुराची हकिकत आणि तात्याची पाठ, दोघांची साक्ष जुळते.

एवढी उलटतपासणी कशाला, असं वाटेल. कृष्णेच्या पाण्यात मऊ पाठीचं आणखी एक कासव असतं, लीथचं. मुंबईत डॉक्टरकी करणाऱ्या एका लीथसाहेबाच्या नावावरून १८७२ मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळालं. नाक सोंडेसारखं पुढे आलेलं, पोटाला झडपा नाहीत, आणि लहानपणी पाठीवर डोळे वटारल्यासारखी गोल वर्तुळं. जगात फक्त आपल्या दख्खनच्या नद्यांत राहतं आणि आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे. २०२२ मध्ये वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराची (साइट्स) पनामाला बैठक झाली, तीत भारताच्या मागणीवरून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर पूर्ण बंदी आली. तुमच्या ड्रममध्ये ते असतं तर मी अंक निघायची वाट बघितली नसती, तुमच्या दारात येऊन उभी राहिले असते.

जाता जाता, शेपूट बघितली. नराची लांब आणि बुडाशी जाड असते. तात्याची आखूड आहे. तात्या बहुधा तात्याबाई आहे. नातवाला जरा हळू सांगा.

आता कायद्याचं. घाबरवत नाही, पण झाकूनही ठेवत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फ्लॅपशेल पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. ते घरात ठेवणं गुन्हा आहे. शिक्षा तीन ते सात वर्षं आणि दंड निदान २५ हजार. शिवाय असं जनावर कायद्याने सरकारच्या मालकीचं ठरतं, त्यामुळे ते परस्पर नदीत सोडायचाही अधिकार आपल्याला नाही. तेव्हा वन विभागाच्या हॅलो फॉरेस्टला, १९२६ या क्रमांकावर फोन करा किंवा सरळ वनक्षेत्रपालांच्या कचेरीत जा आणि पुराची हकिकत आहे तशी सांगा. मी आजवर पाहिलेल्या प्रकरणांत, स्वतःहून जनावर घेऊन आलेल्या माणसाला कुणी वाकडं बोललेलं नाही. उलट चहा मिळतो. ताबा दिल्याची पोच तेवढी मागून घ्या.

नेताना बादलीभर पाण्यात डुंबवत नेऊ नका. झाकणाला भोकं पाडलेला डबा, तळाशी ओलं गोणपाट, वर ओलं फडकं. पाणी नको. हिंदकळून हिंदकळून जीव घाबरतो.

आता तुमच्या मनातला खरा प्रश्न. सहा वर्षं गच्चीवर वाढलेलं कासव नदीत जगेल का?

इथे मला माझीच एक फजिती सांगायला हवी. १९९१ साली मी नोकरीत नवी होते, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात. एका खाणावळीच्या काचेच्या टाकीतलं फ्लॅपशेल माझ्याकडे आलं. अंगावर जखम नाही, डोळे स्वच्छ, वजन चांगलं. मी आणि आमचा शिपाई सायकलवरून गेलो आणि त्याला गावच्या तळ्यात सोडून आलो. त्या रात्री मला फार छान झोप लागली. आठव्या दिवशी एक भोई त्याला घमेल्यातून घेऊन दारात हजर. म्हणाला, "बाई, हे तुमचंच ना? धुणं धुणाऱ्या बायकांच्या हाताशी येतंय. पोरं दगड मारत्यात, तरी जात न्हाई." कवचाला एका कडेने चीर पडली होती. खाणावळीत सहा-सात वर्षं वरून हात आला की त्या हातात भाकरीचा तुकडा असायचा. त्याच्या लेखी हात म्हणजे जेवण. तळ्यात मासे होते, शंख होते, बेडकांची पिल्लं होती, आणि ते आपलं हात शोधत फिरत होतं.

हाक मारली की तात्या काठाला येतो असं तुम्ही कौतुकाने लिहिलंय ना, मला ती काळजीची खूण वाटते. घाटावर पोहणारी पोरं असतात, गळ टाकून बसलेले असतात, कुत्री असतात. आणि सांगलीच्या नदीत मगरी आहेत, हे तुम्हाला मी काय सांगावं! रानात वाढलेलं कासव सावली पडली की बुडी मारतं. तात्या वर येईल.

म्हणून सोडण्याआधी त्याला थोडं रानटी करावं लागतं. यात जादू काही नाही, वेळ जातो इतकंच. बऱ्याच वर्षांनी वाईकडच्या एका वाड्याच्या आडातलं फ्लॅपशेल वन विभागाने माझ्याकडे देखभालीला दिलं. अकरा वर्षं आडात होतं. पाणी स्वच्छ राहतं म्हणून आडात कासव सोडायची आपल्याकडे जुनी रीत आहे, आणि पोटाला म्हणून वरून पोळी टाकत. नखं वाढून वळलेली, पापण्या सुजलेल्या. पापण्यांचं दुखणं जीवनसत्त्व अ कमी पडल्याचं, पाळलेल्या कासवांत नेहमीचं. एक्स-रे काढला तर हाडं धुरकट, कारण पोळी-भातात हाडाला लागणारं कॅल्शियम नसल्यातच जमा आणि आडाच्या तळाशी ऊन पोचत नाही. (तात्या उन्हात आहे, हे त्याचं नशीब. पण सांगलीचा मे महिना आणि प्लास्टिकचा ड्रम, निदान निम्म्यावर सावली करा.)

दोन महिने औषधपाणी केल्यावर त्याला दवाखान्यामागच्या हौदात टाकलं. तळाला वीतभर ओढ्याचा गाळ, एका कडेला पाणकणीस, आणि पाण्यात जिवंत शंखगोगलगायी. पहिले आठ दिवस त्याने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कुणी हौदाशी गेलं की मान वर काढून उभं. आम्ही जाणंच बंद केलं, पाणी बदलायचं तर पाइप लांबून सोडायचा. नवव्या दिवशी दुपारी मी खिडकीतून बघत होते. एक शंख त्याच्या नाकासमोरून सरकला. त्याने मान मागे घेतली, थांबलं, आणि झडप घातली. अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा कट्ट आवाज खिडकीपर्यंत आला. कवचाचे तुकडे तोंडातून गळत होते आणि ते पुढच्या पायाच्या नखांनी बाजूला सारत होतं. अकरा वर्षं पोळी खाऊनही जबडा विसरला नव्हता.

गाळात पुरून घ्यायला मात्र महिना लागला. फ्लॅपशेलला हे यायलाच हवं. उन्हाळ्यात तळं आटलं की ते चिखलात शिरून पडून राहतं आणि पाऊस लागला की निघतं. ज्याला पुरून घेता येत नाही त्याचा पहिला उन्हाळाच शेवटचा. एके सकाळी हौदात कासव दिसेना. पळालं म्हणून आम्ही अंगणभर शोधलं. मग पाण्यातून गाळावर नीट पाहिलं तर करंगळीच्या टोकाएवढं नाक तेवढं बाहेर.

हे झाल्यावर शेवटची तपासणी. विष्ठेत जंत आहेत का, श्वास स्वच्छ आहे का, तोंडात चिकटा आहे का. तात्याच्या बाबतीत मी यावर जास्त जोर देईन, कारण ते रंगीत दाणे माशांच्या दुकानातून येतात आणि कधीतरी नातवाने टाकीतले मासेही त्या ड्रममध्ये ठेवले असतील. (ठेवले होते का, खरं सांगा.) दुकानातल्या पाण्यात कुठकुठले मासे, कुठकुठली कासवं आणि त्यांचे आजार एकत्र नांदलेले असतात. एक कासव जगवायच्या नादात तळ्यातली शंभर आजारी पडायला नकोत. म्हणून काही आठवडे एकटं ठेवून लक्ष ठेवतात. तात्याबाई असेल तर पोटात अंडी आहेत का, तेही एक्स-रेत कळेल.

कुठे सोडायचं ते वन विभाग ठरवेल, पण माझं मत विचाराल तर घाट नको, मुख्य धारही नको. फ्लॅपशेलला संथ, गढूळ, वनस्पती असलेलं पाणी मानवतं. ओढ्याचा डोह, पाझर तलाव, नदीने सोडलेलं जुनं पात्र. तेही कृष्णेच्याच खोऱ्यातलं. पुराने आणलेलं जनावर फार लांब नेऊन सोडू नये. आणि वेळ सप्टेंबर ते ऑक्टोबर, पुराचा जोर ओसरलेला आणि खायला भरपूर असतं तेव्हा. मे महिन्यात नदीला मेलेल्या माशांचा खच दिसतो तेव्हा अजिबात नको. थोडक्यात, या दसऱ्याला नाही. पुढच्या दसऱ्याला जमलं तर जमलं.

बंदिस्त वाढलेली कासवं सोडताच येत नाहीत असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आसामात हाजोच्या हयग्रीव माधव मंदिराच्या तळ्यात काळी मऊ कासवं आहेत. ही जात निसर्गातून नामशेष झाली असं २००२ साली जाहीर झालं होतं, आणि देवळांच्या तळ्यांत मात्र ती लोकांच्या हातचे लाडू-बिस्किटं खात टिकून होती. त्यांची अंडी नीट उबवून, पिल्लं सांभाळून तिथल्या लोकांनी ती रानातल्या पाण्यात सोडली आहेत. सुंदरबनात तर २०२२ च्या जानेवारीत जोपासलेली बाटागूर बास्का कासवं पाठीवर उपग्रहाचं यंत्र लावून सोडली, म्हणजे पुढे काय होतं ते कळावं. लोकांनी वर्षानुवर्षं राबून केलेली कामं आहेत ही. आपल्या हाती एकच तात्या आहे आणि त्याच्या पाठीवर यंत्र असणार नाही.

वहिनींना सांगा, त्यांचा प्रश्न घरातल्या सगळ्यांपेक्षा शहाणपणाचा आहे. बाहेर त्याला खायला कुणी घालणार नाही, म्हणून तर आधी हौदातली शाळा. तपासणीत तो रानात जगण्याजोगा नाही असं निघालं तर वन विभाग त्याला संगोपन केंद्रात ठेवेल आणि तो तिथेच म्हातारा होईल. तेही वाईट नाही. पण हा निर्णय तुमचा नाही आणि माझाही नाही.

वाईच्या कासवाला सोडलं तेव्हा आम्ही तिघंच होतो. मी, एक वनरक्षक आणि त्याच्या मोटारसायकलवरचं क्रेट. त्याने मांडीवर कागद ठेवून पंचनामा लिहिला, मी काठावर गोणपाट उलटं केलं. ते मिनिटभर तसंच बसून राहिलं. मग पाण्यात शिरलं, चार बुडबुडे आले आणि पाणी पुन्हा सपाट झालं. पुढे त्याचं काय झालं मला माहीत नाही. तळ्याकाठी दोनदा गेले, हात पाण्यात घालून बसले. कुणी आलं नाही, म्हणून घरी येऊन साखर घालून दूध प्याले.

प्रश्न : चार वर्षांपूर्वी मॉलमधून रुपयाएवढी दोन हिरवी कासवं आणली. कानापाशी लाल पट्टा आहे. आता ताटाएवढी झालीत, टाकीचा वास येतो, सोसायटीत तक्रारी आहेत. पाषाण तलावात सोडली तर चालतील का?
– आयटीवाली, पुणे

उत्तर : नाही. पाषाण, कात्रज, मुळा-मुठा, कुठेच नाही. रात्री गुपचूप तर मुळीच नाही.

ही लाल कानाची कासवं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या जातींच्या यादीत त्यांचं नाव आहे. काटक, खादाड, काहीही खाणारी, आणि उन्हाला बसायच्या दगडावर आपल्या कासवांना बसू न देणारी. वर सांगितलेल्या तात्याच्या नातलगांनी कुठे जायचं? युरोपने त्यांची आयात १९९७ मध्येच थांबवली. अमेरिकेत चार इंचांपेक्षा लहान कासव विकायला १९७५ पासून बंदी आहे, कारण लहान मुलं ती तोंडात घालत आणि साल्मोनेला नावाच्या जंतूने आजारी पडत. आपल्याकडे वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने अशा परक्या जातींवर नियंत्रणाचा अधिकार केंद्राकडे आला, पण तोवर ती लाखो घरांत ‘लकी’ म्हणून पोचली होती.

तेव्हा ताई, ही तुमचीच. तीस वर्षं जगू शकतात. राग येईल, पण दुकानदाराने हे तुम्हाला सांगायला हवं होतं आणि तुम्ही विचारायला हवं होतं. मोठी टाकी घ्या, पाणी गाळायचं यंत्र घ्या, वर चढून सुकायला दगड किंवा फळी आणि अंगावर खरं ऊन. काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही. वास पाण्याचा असतो, कासवाचा नाही. कासवाला हात लावला की साबणाने धुवा. एकाच्या पुढच्या पायाची नखं फार लांब असतील तर तो नर आहे, मग दोघांना वेगळं ठेवा. दोन पुरेशी आहेत.

अगदीच जमत नसेल तर टाकीसकट घेणारं नीट घर शोधा, किंवा शहरातल्या वन्यप्राणी बचाव केंद्राला विचारा. त्यांच्याकडे अशांची आधीच गर्दी असते. नाही म्हणाले तर भांडू नका.

प्रश्न : आमच्या शाळेतल्या सहावीच्या मुलाला किनाऱ्यावर समुद्री कासवाचं पिल्लू भर दुपारी सापडलं. त्याने पाच दिवस बादलीत समुद्राचं पाणी भरून सांभाळलं आणि मग मला सांगितलं. आम्ही गावच्या कासवमित्रांकडे दिलं. आमचं काही चुकलं का?
– शिक्षिका, गुहागर

उत्तर : शेवट तुम्ही बरोबर केलात, बाई. त्या मुलाला रागावू नका. चूक बादलीची.

ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाचं पिल्लू वाळूतून वर येतं तेव्हा त्याच्या पोटात अंड्यातलं बलक शिल्लक असतं. त्या शिदोरीवर ते न थांबता पोहत खोल समुद्र गाठतं. बादलीत टाकलं की ते तेच करतं, पोहत सुटतं, पण भिंतीला धडका देत. शिदोरी संपते आणि गाव काही येत नाही. म्हणून पिल्लू सापडलं तर पाण्यात ठेवायचंच नाही. खोक्यात ओली वाळू, वर ओलं फडकं, अंधार आणि गारवा. खायला काही नको. तासाभरात वन विभाग किंवा कासवमित्र. ते बघतील, दमलेलं असेल तर विसावा देतील आणि ऊन उतरल्यावर सोडतील. सोडतानाही हातात धरून पाण्यात नाही, वाळूवर ठेवून. त्याने ते अंतर स्वतः चालायचं असतं.

तुमच्या शाळेला एक गृहपाठ. वेळासच्या किनाऱ्यावर २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखली. २०२३ मध्ये तुमच्याच गुहागरच्या किनाऱ्यावरून बागेश्री आणि गुहा अशा दोन माद्यांना यंत्र लावून सोडलं. बागेश्री दक्षिणेला वळून श्रीलंकेच्या बाजूला पोचली. मुलांना नकाशावर तिची वाट आखायला सांगा. बादलीवाल्या मुलाला पेन्सिल द्या.

प्रश्न : माझ्या मेव्हण्याने वास्तूसाठी पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं कासव दिलं. काचेच्या भांड्यात पाण्यात ठेवलंय पण ते सारखं कडेवर चढायला बघतं. एकजण म्हणाला एकवीस नखं असली तर लाखाला जातं. विहिरीत सोडू का?
– वाचक, सोलापूर

उत्तर : तुमचं पत्र फोडलं त्याच दिवशी मी तुम्हाला फोन केला होता. इथे छापते आहे ते इतरांसाठी.

चांदण्यांचं कासव जमिनीवरचं आहे. त्याला पोहता येत नाही. ते कडेवर चढत होतं कारण बुडत होतं. कासव म्हटलं की पाणी, एवढ्या एका समजुतीपायी लोक या बिचाऱ्यांना तळ्यात, नदीत, विहिरीत ‘सोडतात’ आणि पुण्य घेऊन घरी येतात. गवत, पाला, निवडुंग खाणारं, माळरानावरचं जनावर ते. त्याचं आयुष्य सगळं कोरड्यात.

नखं मी मोजून ठेवली आहेत, आजवर डझनभर चांदणी कासवांची. पुढच्या पायाला पाच, मागच्याला चार, एकूण अठरा. फ्लॅपशेलला प्रत्येक पायाला तीन, एकूण बारा. एकवीस नखांचं मला अजून भेटलेलं नाही, पण त्याच्या नादाने लाखभर रुपये घालवलेले दोघेजण भेटलेत. हेही पहिल्या परिशिष्टातलंच जनावर आहे आणि २०१९ पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारही पूर्ण बंद आहे. तरी चोरटी वाहतूक चालते. २०१८ मध्ये सिंगापूरला सापडलेली ५१ चांदणी कासवं विमानाने बंगळूरला परत आणावी लागली, आणि तीही उतरल्या उतरल्या रानात सोडली नाहीत. आधी तपासणी, वेगळं ठेवणं, तिथल्या चाऱ्याची सवय, आणि मग पुढचं.

तुमचं कासव आता वन विभागाकडे आहे, असं तुम्ही काल कळवलंत. पाठीवरचे उंचवटे तुम्हाला सुंदर वाटत होते ना? त्याच्या पाठीला थोडी टेंगळं निसर्गातही असतात, पण फोटोतल्याइतकी नाहीत. ती चुकीच्या खाण्याने येतात आणि उतरत नाहीत. काकडी-टोमॅटो बंद करायला तिथल्या माणसाला सांगितलंय. काचेचं भांडं तुमच्याकडेच राहिलं असेल तर त्यात मनीप्लँट लावा. मेव्हण्याला पुढच्या वेळी पेढे आणायला सांगा.